विक्रीकर नसलेल्या राज्यात

न्यू हॅम्पशायर राज्यात विक्रीकर नाही. पगारावर राज्याचा आयकरही नाही. ज्या माणसाची उभी हयात महाराष्ट्र शासनाच्या विक्रीकर खात्यात गेली, त्याच्या मुलाला नोकरी लागावी ती नेमकी तिथे! नॅशुआतल्या दुकानात पहिलं बिल हातात आलं तेव्हा मी सवयीने आधी कराची ओळ शोधली. नव्हती. बिल उलटं करून पाहिलं. मग काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, हे बिल नियमात बसत नाही. मुलगा दंडाला धरून मला बाहेर घेऊन आला.

२०१६ साल होतं. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. मुलगा-सून कामावर जायची, ही यूट्यूबवर मालिका लावून बसायची आणि मी ग्रंथालय गाठायचो. तिथे सत्तरीचे एक गृहस्थ रोज भेटत. व्हिएतनामला लढून आलेले, शर्टावर गॅरी जॉन्सन या नावाचा बिल्ला. हे कोण, असं मी निव्वळ शिष्टाचार म्हणून विचारलं. दीड तासाने मला कळलं की ते लिबर्टेरियन पक्षाचे, म्हणजे सरकार कमीत कमी असावं म्हणणाऱ्यांचे उमेदवार आहेत, आणि मी त्या पक्षाच्या बैठकीचं आमंत्रण घेऊन बाहेर पडलो.

बैठक एका पिझ्झाच्या दुकानात होती. माझ्या शेजाऱ्याच्या टोपीवर ‘कर म्हणजे चोरी’ असं लिहिलेलं. ओळख करून देताना मी ‘निवृत्त विक्रीकर अधिकारी’ असं अभिमानाने सांगितलं आणि टेबलावरचं चावणं थांबलं. मी घाईघाईने विषय बदलला आणि निवडणुकीच्या ड्युटीवर आलो. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आदल्या दिवशी एसटीने कुठल्या तरी आडगावी जायचं, शाळेच्या बाकांवर झोपायचं, पहाटे यंत्र जोडायचं, दिवसभर शाई लावून घ्यायची, आणि नाही म्हटलं तर कारवाई. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पालटले. ‘म्हणजे सरकारने तुम्हाला सक्तीने राबवलं?’ मी म्हणालो, भत्ता मिळायचा. पण तोवर मी वेठबिगारीतून सुटून आलेला माणूस झालो होतो. कुणीतरी माझ्या पानात पिझ्झाचा आणखी एक तुकडा वाढला. ते पद सोडून देण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नव्हतो.

या मंडळींचं युद्धाबद्दलचं म्हणणं मला त्यांच्यापेक्षाही लवकर पटलं, कारण त्यात कर होता. अमेरिका १८९८ मध्ये स्पेनशी लढली. लढाई काही महिन्यांत आटोपली. तिच्या खर्चासाठी टेलिफोनवर कर बसवला, कारण तेव्हा फोन श्रीमंतांच्याच घरी. तो कर मधे मधे उठला, पुन्हा बसला, आणि लांब पल्ल्याच्या फोनवरून सुटला तो २००६ मध्ये! पगारातून परस्पर आयकर कापण्याची पद्धत १९४३ सालची, तीही महायुद्धाचा खर्च भागवायला. आणि ती रचणाऱ्यांत कोण, तर पुढे मुक्त बाजाराचे महर्षी ठरलेले मिल्टन फ्रीडमन. टेबलावर सगळे हळहळले. मला मात्र खात्यातल्या माणसाला वाटावा तसा अभिमान वाटत होता. शत्रू शरण जाईल, पण कर जाणार नाही! रॉबर्ट हिग्ज यांचं १९८७ चं एक पुस्तक याच विषयावर आहे: संकटात सरकार फुगतं, आणि संकट टळल्यावर पूर्वीच्या मापाला येत नाही. आमच्या खात्यात हे शिपायालाही माहीत होतं, पुस्तक लिहायचं कुणाला सुचलं नाही.

माझे स्नेही या चर्चेत फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, ‘मी ज्या युद्धावर गेलो, ते कधी जाहीरच झालं नव्हतं.’ खरं आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने शेवटचं युद्ध रीतसर जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी त्या अर्थाने कागदावर नसलेली युद्धं. नस्तीशिवाय एवढा मोठा खर्च! लेखापरीक्षणात हे सुटलंच कसं, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

निवडणुकीवर मात्र त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. एका गटाचं म्हणणं, मत देणं म्हणजे दुसऱ्यावर सत्ता गाजवायला संमती देणं, तेव्हा देऊ नये. दुसरा गट म्हणे, स्वसंरक्षणार्थ द्यावं. अखेर मतदान करावं की नाही यावर मतदान घ्यायचं ठरलं. मत न देणारे तत्त्वानुसार तटस्थ राहिले, ठराव मंजूर झाला, आणि ते चिडून उठून गेले. याच पक्षाच्या ऑर्लँडोतल्या अधिवेशनात गाडी चालवण्याचा परवाना असावा, एवढंच म्हटल्याबद्दल खुद्द जॉन्सन यांची हुर्यो झाली होती. तेव्हा हे काहीच नव्हे.

मग सप्टेंबरात ग्रंथालयाच्या सभागृहात जाहीर सभा ठरली. परदेशातून आलेला म्हणून परराष्ट्र धोरण माझ्याकडे आलं. मी टिपणं काढली. १७९६ चा वॉशिंग्टन यांचा निरोप, १८०१ मधलं जेफरसन यांचं भाषण: सगळ्यांशी व्यापार करा, कुणाच्या गोटात अडकू नका. हेच आमचे नेहरू म्हणत होते, असं मी ठासून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. नेहरू समाजवादी होते, हे मी सांगितलं नाही. भारतात या मंडळींच्या सर्वांत जवळचा पक्ष म्हणजे राजाजींचा स्वतंत्र पक्ष. तो या अलिप्ततेवर टीका करायचा आणि अमेरिकेच्या बाजूला झुकावं म्हणायचा, हेही सांगितलं नाही. स्वतंत्र पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या, एवढं मात्र सांगितलं. ज्यांच्या पक्षाचा एकही माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून आलेला नव्हता, ते माझ्याकडे अशा आदराने पाहू लागले, की जणू त्या ४४ जणांत मीही होतो.

त्याच सकाळी टीव्हीवर जॉन्सन यांना कुणीतरी विचारलं होतं, अलेप्पोचं तुम्ही काय कराल? त्यांनी उलट विचारलं, अलेप्पो म्हणजे काय? देशभर हसं झालं होतं. मी सकाळपासून टिपणं पाठ करत असल्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तोच प्रश्न मला विचारला.

मी प्रसन्नपणे म्हणालो, ‘तिथे काहीही करायची गरज नाही. मी स्वतः एलटीसी घेऊन सहकुटुंब जाऊन आलोय. लोक शांत, सुशिक्षित. सगळीकडे पाणीच पाणी. फक्त हाउसबोटीच्या भाड्यावर सरकारने नियंत्रण आणायला हवं.’

सभागृहात गदारोळ झाला. केरळातली अलेप्पी आणि सीरियातलं अलेप्पो यांतल्या गोंधळाबद्दल नव्हे. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. गदारोळ झाला तो भाडेनियंत्रणावर. टोपीवाले गृहस्थ उभे राहून ओरडले की भाडं बाजार ठरवेल! मी चटकन शरणागती पत्करली: बरं, बाजार ठरवेल. पुन्हा टाळ्या.

सभा संपल्यावर त्या बाई पुढे आल्या. त्यांचे काका तिथे राहत होते. तुम्ही कुठल्या मोहल्ल्यात उतरला होता, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बोटीच्या धक्क्याजवळ. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी फोन काढून काही छायाचित्रं दाखवली. त्यात पाणी नव्हतं. घरं होती, म्हणजे पूर्वी होती. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा ‘सॉरी’ म्हणालो असेन, ते तिथे सगळ्यालाच चालतं.

घरी मुलाने मला दिलासा दिला. म्हणाला, जॉन्सन यांना हसणाऱ्या बड्या वृत्तपत्रालाच अलेप्पोची ओळख सांगताना एकदा नव्हे, दोनदा दुरुस्ती छापावी लागली. ऑक्टोबरात स्वतः जॉन्सन यांनी बचाव केला. दूरदेशीचे नेते आणि ठिकाणं ज्यांना पाठ असतात, तेच लोक आपल्या जवानांना संकटात लोटतात, अशा अर्थाचं ते बोलले. इराकचं जे झालं ते बघता हे हसण्यावारी नेता येत नाही. पण मला हा बचाव इतका गोड लागला की त्यातूनच संशय आला. दुसऱ्याच्या घरात शिरू नये हे ठीक; घर कुठे आहे तेही माहीत नाही म्हणून न शिरणं, याचं श्रेय कसं घ्यायचं?

नोव्हेंबरात जॉन्सन यांना देशात सुमारे ४५ लाख मतं पडली, म्हणजे सव्वातीन टक्के. एका मताने काही फरक पडत नाही, असं तिथले काही जण सांगत आले होते. न्यू हॅम्पशायरात ट्रम्प हरले ते अवघ्या २,७३६ मतांनी आणि सिनेटची जागा फिरली १,०१७ मतांवर. पण पिझ्झाच्या दुकानात जल्लोष वेगळ्याच कारणाने होता. गव्हर्नरच्या निवडणुकीत पक्षाच्या उमेदवाराने चार टक्क्यांची रेषा ओलांडली होती, त्यामुळे राज्याच्या दप्तरी पक्षाला अधिकृत मान्यता मिळणार होती. सरकारने मान्यता दिली म्हणून लिबर्टेरियन लोक एकमेकांना मिठ्या मारत होते!

स्नेही म्हणाले, आता पुष्कळ अर्ज-कागद भरावे लागतील, आणि आमच्यात त्यातलं कुणालाच काही कळत नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, ‘तीन प्रती करायच्या की चार?’