घडीचे दुकान

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने काहीतरी लोकोपयोगी वस्तू निर्माण केल्याखेरीज त्याच्या हाती पदविकेचा कागद पडावयाचा नाही, असा जो तंत्रनिकेतनाचा दंडक, त्याच्या कचाट्यात सापडलेल्या आम्ही चौघांनी 1995 साली यवतमाळातील एका चहाच्या टपरीवर बसून आठवडी बाजारातील भाजीवाल्यांचे दुःख हरण करण्याचा संकल्प सोडला. या दुःखाविषयी भाजीवाल्यांनी आमच्याकडे कधी अर्ज गुदरला होता, असे नव्हे. परंतु तेवढ्यासाठी अडून बसणे आमच्या तारुण्याला मंजूर नव्हते.

लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, कात्रीप्रमाणे उघडमीट होणाऱ्या पट्ट्या, वर सहा फूट लांब व तितकेच रुंद कापडी छत आणि पुढे माल मांडण्याची फळी, असा आमच्या घडीच्या दुकानाचा सारा सरंजाम 14 किलोंत बसला, तेव्हा न्यूटनाविषयी आम्हाला किंचित अनुकंपा वाटू लागली. छताच्या रंगावर तीन दिवस खल होऊन अखेर पांढरा रंग कायम झाला. वाऱ्याचा विषय काही चर्चेस आला नाही.

दारव्ह्यानजीकच्या एका गावचा बाजार प्रयोगासाठी मुक्रर करून आम्ही आदल्या दिवशीच शकुंतलेत बसलो. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणाऱ्या या गाडीचे वाफेचे इंजिन वर्षापूर्वीच निवृत्त होऊन तेथे डिझेलचे आले होते; तथापि घाई न करण्याचे घराण्याचे वळण नव्या इंजिनानेही निष्ठेने सांभाळले होते. आमची सहा फुटी घडी, पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीने आवळलेली, दोघांच्या खांद्यावरून डब्यात शिरताच एक वृद्ध गृहस्थ टोपी काढून उभे राहिले आणि हलक्या आवाजात विचारते झाले, "कोनाची माती व्हय, बावा?" दुकान आहे, असे सांगितल्यावर ते बसले खरे, पण उतरेपर्यंत त्यांचा आमच्यावर विश्वास बसल्याचे दिसले नाही.

बाजारात आमची जागा एका मावशींच्या शेजारी होती. आम्ही तिसरी खिट्टी धुंडाळीत असतानाच त्यांनी चार बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या, ताडपत्री टाकली आणि पाल उभे करून वांगी मांडावयास घेतली. एवढ्यात बाजाराचा ठेका घेणाऱ्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. आमचे फाकलेले पाय त्याने पावलांनी मोजले, आणि सकाळच्या उन्हामुळे छताची सावली बरीच दूरवर गेली होती, तीही मोजणीत धरून दोन दुकानांची पावती फाडली. आमची हरकत त्याने शांतपणे ऐकून घेतली. पैसेही शांतपणेच घेतले.

दुपारी वारा सुटला. ताशी 40 किलोमीटरचा वारा तेवढ्या कापडावर नीट आदळला, तर सुमारे 25 किलोंचा जोर लावतो, हे गणित आम्हाला परीक्षेत अचूक येत असे. येथे त्याचा पडताळा असा आला, की दुकानाने प्रथम पुढचे पाय उचलले, मग मागचे, आणि पाहता पाहता ते टमाट्यांच्या दोन ढिगांवरून तरंगत बैलांच्या बाजारात जाऊन उतरले. एक बैल दावे तोडून पळाला. दुसऱ्याने मात्र आयती लाभलेली सावली स्वीकारून रवंथ चालू ठेवला.

मावशींचे पाल जागचे हलले नव्हते. दोऱ्या त्यांनी खुंट्यांना बांधल्याच नव्हत्या; त्या कांद्याच्या पोत्यांना बांधल्या होत्या. विक्रीचा माल हाच दुकानाचा पाया, ही युक्ती आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हती.

"पोट्टेहो," त्या म्हणाल्या, "वाऱ्याले दुकान नाही दिसत, कापड दिसते. हे घ्या दोन पोते, पायाले बांधा. सांजच्याले वापस देजा."

पोती बांधली आणि दुकान सायंकाळपर्यंत इतके निश्चल राहिले, की प्रबंधाबरोबर जोडावयाचे छायाचित्र त्याच स्थितीत काढले गेले. परीक्षकांनी ते पुष्कळ वेळ न्याहाळले व वजनाच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे आम्ही सत्याला स्मरून लिहिले होते: 14 किलो, कांदे वगळून.