तपकिरीवाले

निसर्गभ्रमंतीच्या प्रत्येक गटात हे गृहस्थ असतात. ब्लू मॉर्मन दिसलं की बाकीचे कॅमेरे सरसावतात. हे पाठ फिरवतात. २०१५ साली ज्याला सरकारनेच राज्य फुलपाखरू करून टाकलं, त्यात ओळखायचं काय उरलं, असा त्यांचा सवाल. त्यांना हवं असतं बांबूच्या बेटाखाली, पाचोळ्यात, पाचोळ्याच्याच रंगाचं काहीतरी. ते सापडलं की आधी गुडघ्यावर येतात, मग थेट पोटावर. मागची मंडळी पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करीत ताटकळतात. शेवटी शर्टाची माती झटकत निकाल येतो, "बुशब्राउन आहे. कुठलं, ते सांगता येणार नाही."

येत नाही ते नाही आणि वर ऐट, असं लोक म्हणतात. पण या प्रांतात ‘सांगता येणार नाही’ म्हणायलाच अभ्यास लागतो. मागच्या पंखाखाली चार डोळे म्हणून कॉमन फोररिंग. नवख्याला वाटतं, मोजले की झालं. कोरड्या दिवसांत तेच डोळे आक्रसून टिंबाएवढे होतात, मग मोजा. इव्हनिंग ब्राउन त्याहून बिलंदर. पावसाळ्यात ठसठशीत डोळे, उन्हाळ्यात नुसतं वाळकं पान, आणि त्यातही एकासारखं दुसरं नाही. जुन्या अभ्यासकांनी या दोन रूपांना लेडा आणि इस्मेने अशी दोन नावं देऊन ठेवली होती. लायोनेल द निसेव्हिल यांनी कलकत्त्यात अशी तपकिरी फुलपाखरं अंड्यांपासून वाढवली आणि हे सारं ऋतूप्रमाणे होणारं वेषांतर आहे, हे १८८६ साली निबंध लिहून मांडलं. शिवाय हे डोळे असतात पक्ष्याची चोच अंगावरून पंखाच्या काठाकडे वळवायला. म्हणजे नेमकी ओळख पटवणारी खूण कित्येकदा बुलबुलाच्या पोटात गेलेली असते.

हल्ली मोबाइलमधलं ॲप क्षणात नाव सांगतं, मग हा खटाटोप कशाला? ॲप सांगतं खरं. पण बुशब्राउनच्या नराची ओळख पटवणारा केसांचा झुबका मागच्या पंखाच्या वरच्या बाजूला असतो, आणि हा प्राणी बसतो पंख मिटून. म्हणून तपकिरीवाले फोटो बघण्याआधी "महिना कुठला?" विचारतात. कुठलंही असलं तरी काय बिघडलं, हा आक्षेपही टिकत नाही. इव्हनिंग ब्राउनची अळी भाताची पानं खाते, आणि ‘कुठलंही’ म्हणून केलेली नोंद शेतकऱ्याच्या किंवा अभ्यासकाच्या काडीच्या कामाची नसते. एक आक्षेप मात्र रास्त आहे. हा काटेकोरपणा ते लग्नघरातही सोडत नाहीत. मावशीने "ओळखलंस का रे?" विचारलं, तर त्यांची नजर आधी खुणा शोधत फिरते, आणि तेवढ्यात मावशी दुखावलेली असते.

तेव्हा त्यांना फोटो पाठवायचा असेल तर मागचा पंख पुरता दिसेल असा, खालच्या बाजूचा पाठवा. सोबत तारीख आणि गाव लिहा. उत्तराची घाई करू नका, आणि कृपा करून त्यावर ‘शुभ सकाळ’ छापू नका. नेमकी डोळ्यांवरच येते.