बघूकाका आणि एचडी

मावळात इंद्रायणी तांदूळ, पाऊस आणि बघूकाका यांचं पीक कधी बुडत नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, कुठल्याही सोसायटीत एक तरी बघूकाका सापडतोच. कारखान्यातून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेला, खिशात मोजपट्टी, पिशवीत तीन दुकानांची पत्रकं, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर. गेली कित्येक वर्षं एचडी घ्यावं की नाही, याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. घरात बत्तीस इंची टीव्ही आहे. त्याच्या कोपऱ्यात ‘एचडी रेडी’ असं लिहिलेलं स्टिकर अजून सोललेलं नाही, आणि खाली मात्र साधाच सेट-टॉप बॉक्स. म्हणजे टीव्ही केव्हाचा तयार आहे, तयार नाहीत ते काका. घरचे त्यांना चिकट म्हणतात, शेजारी हसतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. काका हसण्याजोगे आहेत हे कबूल, पण त्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी बरोबर आहे आणि चुकतो तो भलत्याच जागी.

आधी त्यांच्या थांबण्याची बाजू पाहू. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं, आणि 1982 साली एशियाडच्या निमित्ताने रंग आला. 1981 साली ज्यांनी घाईने कृष्णधवल संच घेतला, त्यांची हळहळ प्रत्येक बघूकाकाला पाठ असते. पुढचे दाखलेही त्यांच्याच बाजूचे. मोठ्या थाटात आलेले प्लाझ्मा टीव्ही दहाएक वर्षांपूर्वी बाजारातून उठले. चष्मा लावून बघायचे थ्रीडी टीव्ही 2017 पर्यंत मोठ्या कंपन्यांनी गुंडाळले. थांबलेल्यांचे पैसे दोन्ही वेळा वाचले. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला. म्हणजे कराआधी 25,000 रुपये किंमत असलेला संच 32,000 ला पडायचा, तो 29,500 ला पडू लागला. काहीही न करता अडीच हजार सुटले, हे काका भाजीवाल्यालाही सांगतात. थांबणं दर वेळी फळतंच असं मात्र नाही. 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप आणि डिस्प्लेचा कारखाना तळेगावात येणार अशी हवा होती, तेव्हा ‘पडदा आपल्याच तालुक्यात होणार, तर स्वस्त पडेल’ म्हणून काकांनी खरेदी पुढे ढकलली. सप्टेंबरात तो प्रकल्प गुजरातला जात असल्याचं जाहीर झालं आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतलं. कारखानाही नाही, टीव्हीही नाही.

पण काकांचा खरा पुरावा बाजारात नसून मोजपट्टीत आहे. साध्या चित्रात 576 आडव्या ओळी असतात, पूर्ण एचडीत 1080. या जास्तीच्या ओळी डोळ्याला वेगळ्या दिसल्या तरच जास्तीच्या पैशाला अर्थ. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. त्यावरून गणित मांडलं, तर बत्तीस इंची पडद्यावर आठ फुटांच्या पलीकडे साध्या चित्राच्या ओळीसुद्धा सुट्या दिसत नाहीत. एचडीचा पूर्ण लाभ हवा तर चार फुटांवर बसायला हवं. काकांचा सोफा दहा फुटांवर, भिंतीला टेकून आहे. म्हणजे त्यांच्या घरात ओळींपुरतं बोलायचं तर साधं चित्र आणि एचडी यांत फरक उरत नाही. दुकानात तो डोळ्यांत भरतो, कारण तिथे गिऱ्हाईक दोन फुटांवर उभं असतं. थोडक्यात, जुन्या टीव्हीचं एचडी करायचं तर खुर्ची मागे सरकवावी, हा शोध काकांनी फुकटात लावला आहे. त्यात एक मेख आहे: हे गणित निरोगी डोळ्याचं आहे. काकांच्या चष्म्याचा नंबर कधीचा बदलला आहे आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. त्या डोळ्यापुढे 1080 ओळी मांडणं म्हणजे बहिऱ्यापुढे सनई-चौघडा.

दुसरा पुरावा आभाळातला. छतावरच्या डिशकडे येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि धो धो पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. ॲन्टेनाच्या काळात चित्रात मुंग्या यायच्या, पण माणसं ओळखू यायची. डिजिटल चित्र आधी चौकोनांत फुटतं आणि मग थेट निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं लिहून येतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तळेगावाकडे येईपर्यंत तो बराच ओसरतो. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन बघूकाकांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. लोणावळ्याचे काका म्हणतात, ‘पाऊस ऐन भरात असताना चित्र जाणार, भाडं मात्र बारा महिन्यांचं.’ भाड्याचा मुद्दाही पोकळ नाही. दूरसंचार नियामक ट्रायने 2019 मध्ये नवी दररचना आणली, तेव्हा शंभर साध्या वाहिन्यांना 130 रुपये आणि वर कर, असे 153 रुपये 40 पैसे मोजावे लागत आणि त्यात एक एचडी वाहिनी दोन साध्यांच्या बरोबरीची धरली जाई. पुढे नियम बदलत गेले, 2024 मध्ये त्या शुल्काची कमाल मर्यादाही निघाली. पण एचडीचा पॅक साध्यापेक्षा महाग, हे टिकलं. समजा महिन्याला शंभर रुपये जास्त पडले, तर पाच वर्षांत सहा हजार होतात. दुकानदार संचाची किंमत सांगतो, हे सहा हजार काका सांगतात.

यावर पहिला आक्षेप क्रिकेटचा येतो आणि मावळात तो जोरात येतो, कारण गहुंज्याचं स्टेडियम याच तालुक्यात आहे. 19 ऑक्टोबर 2023 ला विश्वचषकात भारताने तिथे बांगलादेशाला हरवलं आणि कोहलीने षटकार मारून शतक आणि विजय एकदमच गाठला. आपल्याच तालुक्यातला सामना धुरकट चित्रात पाहायचा? काकांचं उत्तर असं की वरच्या रांगेत तिकीट काढून बसलेल्यांना चेंडू यांच्या टीव्हीपेक्षाही कमी दिसला असेल. उत्तर हजरजबाबी आहे, पुरेसं नाही. साध्या वाहिनीवर चित्र फार दाबून पाठवतात. मालिकेत सासूबाईंचा चेहरा तीन कोनांतून तीनदा दाखवायचा असेल, तेव्हा ते खपून जातं. चेंडू सीमेकडे धावू लागला की मैदानाचं गवत ढेकळासारखं दिसतं, आणि ते दहा फुटांवरूनही दिसतं. तेव्हा मालिकांसाठी एचडी नको, हे काकांचं म्हणणं मान्य. सामन्यांसाठीही नको, हे मात्र हट्टाचं.

दुसरा आक्षेप असा की सगळे घेतात, ते काय वेडे आहेत? वेडे नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा आहे. तुंगार्ली-वळवणकडच्या भाड्याच्या बंगल्यांत भला मोठा टीव्ही असतो, कारण जाहिरातीत तो तरणतलावाशेजारी छापता येतो. पाहुणे धुकं बघायला येतात आणि पाऊस लागला की सामना लावून बसतात. पवनेच्या काठी तंबू टाकणारे प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवतात तेही त्याच हिशेबाने. तिथे टीव्ही स्वतःचे पैसे फेडतो. घरच्या दिवाणखान्यात तो फक्त प्रतिष्ठा फेडतो आणि तिचे हप्ते कधी संपत नाहीत. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेणारा माणूस काकांपेक्षा शहाणा नसतो, फक्त लवकर दमतो.

मग काका चुकतात कुठे? ते इंच, ओळी, फूट आणि रुपये मोजतात, बघणारे मोजत नाहीत. त्यांच्या घरात एचडी केव्हाच आलं आहे. सूनबाई मालिका फोनवर बघते, नातू सामना फोनवर बघतो, तेही हातभर अंतरावरून, म्हणजे जिथे बारीक चित्राचा खरोखर उपयोग होतो तिथून. बत्तीस इंचांसमोर उरले आहेत एकटे काका. एकट्यासाठी तीस हजारांचा संच आणि वर मासिक भाडं कुठल्याच हिशेबात बसत नाही. घरातली पाच-सहा माणसं सामन्याच्या दिवशी फोन ठेवून एका खोलीत बसणार असतील, तर तोच संच माणशी पाच-सहा हजारांना पडतो. पण मग बत्तीस इंच पुरणार नाहीत. दहा फुटांवरून एचडीचा फरक दिसायचा तर पडदा पंचावन्न इंची हवा. तो भिंतीतल्या शोकेसमध्ये मावत नाही, कारण ती जुन्या पेटीटीव्हीच्या मापाने केलेली आहे आणि तिच्या वरच्या फळीवर शिवाजी महाराजांचा पुतळा आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ आहे. तेव्हा निकाल असा: चालता टीव्ही काकांनी आज बदलू नये, आधी मोतीबिंदू काढून चष्मा बदलावा. तेवढ्याने बातम्यांची पट्टी वाचता येऊ लागेल. मग घरातली किती माणसं सोफ्यावर बसायला तयार आहेत हे विचारावं. चार हात वर झाले, तर दुकानाकडे नंतर वळावं, आधी सुताराला बोलवावं. या सगळ्या व्यवहारात ज्याचा भाव कुठल्याही पत्रकात छापलेला नसतो, असा तो एकटाच आहे.