ठरल्या वेळेची किंकाळी

स्वीडनमधलं उप्साला विद्यापीठ १४७७ सालचं. एवढ्या जुन्या ज्ञानमंदिरात परदेशी पोरगं एका सत्रापुरतं येतं आणि आधी शिकतं काय, तर कपडे धुवायचा नंबर लावायला. तळघरात सगळ्यांची मिळून यंत्रं, वेळ आधी नोंदवायची. प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारा, कुणाची भुवईही हलणार नाही. पण दुसऱ्याच्या वेळेत आपले मोजे घुसवा, लगेच चिठ्ठी चिकटते. अतिशय नम्र, म्हणूनच धडकी भरवणारी.

दहाचं व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं. तिथे ही शेकडो वर्षांची परंपरा. आपण तेच करतो आणि बोलणी खातो.

डिसेंबरात सूर्य दुपारी तीनच्या आतच गाशा गुंडाळतो. बसमध्ये शिंकायचीही चोरी. मग उप्सालातल्या फ्लोगस्टा भागाच्या विद्यार्थी वसतिगृहांत रात्री दहाच्या ठोक्याला खिडक्या उघडतात आणि पोरं बेंबीच्या देठापासून किंचाळतात. रोज! आता वेळ पाळून केलेल्या आरड्याओरड्याला स्वीडनमध्ये कोण नावं ठेवणार?

घरी मात्र फोटो जातात ते आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या झोतांचे. तेही हजारभर किलोमीटर उत्तरेला, किरुनाला जाऊन काढलेले.