भामरागडात कामवाली ठेवताना: बदलीवर आलेल्या साहेबांसाठी मार्गदर्शक सूचना

गडचिरोलीतल्या भामरागडला बदलीचा आदेश हाती पडला की साहेब आधी नकाशा उघडतात, मग मंत्रालयात कोण ओळखीचं आहे ते आठवून पाहतात, आणि दोन्हीकडून निराशा झाली की विचारतात, "तिकडे धुण्याभांड्याला बाई मिळेल ना?" मिळते. मात्र ती कशी मिळते, किती दिवस टिकते आणि टिकली नाही तर चूक कोणाची, याबाबत शासन निर्णय आढळून येत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत.

मुंबईच्या सवयी मुंबईत सोडून याव्यात. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने तिथे पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सेवा सुरू केली. 'इन्स्टा मेड्स' हे नाव लोकांना खटकलं तेव्हा त्याचं 'इन्स्टा हेल्प' झालं. भामरागडात इतक्या घाईने दारात येतं ते फक्त पर्लकोटा नदीचं पाणी.

सूचना १ : कामाची व्याख्या

"थोडंसंच काम आहे हो, एकट्याचं घर" हे वाक्य उच्चारण्यास सक्त मनाई आहे. झाडू, पोछा, भांडी, कपडे ही चार कामं वेगवेगळी मोजावीत. हातपंपावरून पाणी कोण आणणार, हे पाचवं कलम. शनिवारी रात्री चार सहकारी कोंबडीच्या रश्श्यासाठी जमले, तर सकाळचं काळंकुट्ट पातेलं 'एकट्याच्या घरात' धरायचं की नाही, हे सहावं. या कलमावरून भामरागडातल्या अनेक बैठका कोंबडीऐवजी वरणभातावर येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

कामागणिक दर ठरवणं हे कुणाला नवं फॅड वाटल्यास त्यांनी पुण्याकडे पाहावं. तिथे १९८० साली मोलकरणींनी संप केला, पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि कोणत्या कामाला किती पैसे, याचा हिशेब बायकांनी स्वतः मांडला. कामाचं मोघम वर्णन कोणाच्या सोयीचं असतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

सूचना २ : दिनदर्शिका

साहेबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल असतो. बाईचं कॅलेंडर जंगलात असतं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री मोहफुलं गळतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. नेमकी तीच वेळ साहेबांच्या चहाच्या भांड्यांची. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, पण घरात रोख पैसा येतो तो याच दिवसांत. त्या काळात "दोन कप विसळायला तरी ये" असा निरोप धाडणाऱ्याने आपण तिला देतो त्या मासिक पगाराची आणि तेंदूच्या मजुरीची बेरीज शेजारी शेजारी लिहून पाहावी. पावसाळा लागला की धानाची रोवणी. मधूनमधून गावाचा पंडुम, म्हणजे इथल्या माडिया आदिवासींचा सण; त्याची तारीख गाव ठरवतं, तहसील कार्यालय नव्हे.

म्हणून कामावर ठेवतानाच विचारावं, "ताई, वर्षातले कोणते दिवस तुम्हाला जमणार नाही?" प्रश्न विचारताना 'तुम्ही' म्हणावं. त्यास वेगळं अनुदान लागत नाही.

सूचना ३ : रजा

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक आणि ३० अर्जित रजा मिळतात. सणवार वेगळे, शनिवार-रविवार वेगळे. हे सर्व उपभोगणारा गृहस्थ बाईचे दोन खाडे कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करून ठेवतो, तेव्हा पेन खाली ठेवण्याची सूचना देण्यात येत आहे. महिन्याला भरपगारी सुट्ट्या किती, हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

इथे एक नाजूक बाब. भामरागडात नोकरी केल्याबद्दल साहेबांना नक्षलग्रस्त भागाचा प्रोत्साहन भत्ता मिळतो, एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणीही मिळते. बाईही भामरागडातच काम करते. तिला प्रोत्साहन मिळत नाही, कारण ती इथेच जन्मली आणि तिची बदली झालेली नाही. वित्त विभागाने ही त्रुटी दूर करेपर्यंत साहेबांनी स्वतःच्या खिशातून काही तरतूद केल्यास लेखापरीक्षणात आक्षेप घेतला जाणार नाही.

सूचना ४ : पूर

इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट उरत नाही. ते मागे पसरतं, ठेंगण्या पुलावरून वाहतं आणि बाजारपेठेत शिरतं. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे वारंवार घडलं. बाई पलीकडच्या गावची असेल, तर पूल बुडालेल्या दिवसांचा पगार कापू नये; त्या दिवसांत साहेबांचं कार्यालयही बुडालेलं असतं आणि त्यांचा पगार मात्र कोरडा राहतो.

पाणी ओसरल्यावर घरात उरतो तो गाळ. घोटाभर, चिकट, कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत गेलेला. तो उपसणं म्हणजे 'झाडूपोछा' नव्हे. त्याची मजुरी वेगळी, आणि फावडं साहेबांचं. शिवाय त्याच पाण्याने तिच्या कुडाच्या भिंतीही ओल्या केलेल्या असतात. आधी तिचं घर, मग सरकारी क्वार्टर, हा क्रम लेखी असावा.

सूचना ५ : कक्षेबाहेरची कामं

पलंगाखाली साप निघाल्यास तो झाडून काढणं कामात मोडत नाही. साहेबांनी स्वतः ओरडावं.

"आज मी येत नाही, पोरीला पाठवते" हा पर्याय, पोरगी चौदा वर्षांखालची असेल तर, बंद. मुलांना घरगुती नोकर ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तिने शाळेत जावं, भांडी साहेबांनी घासावीत.

सूचना ६ : कागदपत्रं

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या कामगाराला त्यात नोंदणी करता येते. स्वतःची सेवापुस्तिका दर वर्षी तपासून घेणाऱ्या साहेबांनी तिचा अर्जही भरून द्यावा. टिपणी लिहिण्याचं कौशल्य एकदा तरी घरी उपयोगी पडेल.

सूचना ७ : कार्यभार हस्तांतरण

बदली रद्द होवो वा पुढची लागो, ट्रक भरण्याआधी बाईचा शेवटचा पगार चुकता करावा. क्वार्टरमधली खुर्ची, कुकर आणि गळका माठ नव्या साहेबांच्या ताब्यात द्यावा. बाईला जडवस्तूंच्या यादीत घालू नये. येणाऱ्याने तिच्याशी सूचना १ पासून नव्याने बोलावं. तोवर तिने तीन साहेब पाहिलेले असतील, तर दर ती सांगेल आणि प्रश्नही तीच विचारेल: पाहुणे किती येतात, चूल की गॅस, आणि पातेलं रात्री भिजत घालता की नाही.