दोन पाऊण दीड

जलरंगात निसर्गचित्रं काढणारा माणूस रत्नागिरीला निघाला, की त्याचं सामान बघून शेजाऱ्यांना वाटतं, बदलीच झाली बहुतेक. घडीचा स्टँड, बोर्ड, ३०० जीएसएमचा जाड कागद, चिंध्या, टोपी, डासांचं मलम आणि पाण्याचे दोन डबे. एक डबा ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाण्याचा. दहा मिनिटांत दोन्ही एकाच रंगाचे होतात, ते सोडा. डोंबिवलीच्या या गृहस्थाकडे शिवाय रंगांच्या नळ्यांची अख्खी पिशवी होती. पिळायची धातूची नळी १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने काढली. त्याआधी तैलरंगवाले डुकराच्या मूत्राशयात रंग भरून ठेवत. नळीमुळे चित्रकारांना बाहेर उघड्यावर जाऊन रंगवणं सोपं झालं, असं कलेचा इतिहास सांगतो. झाकण कसं उघडायचं, ते सांगत नाही. जलरंगात डिंक असतो. तो वाळला की नळी आणि झाकण यांची ताटातूट ब्रह्मदेवालाही जमत नाही. गृहस्थ दातांनी उघडतो. त्यामुळे प्रवासातल्या त्याच्या सगळ्या फोटोंत त्याचं हसू किंचित निळं आहे.

रत्नागिरी स्टेशनच्या थोडं अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. डब्यातले सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले असताना गृहस्थ खिडकीतल्या काळोखाकडे बघत म्हणाला, "यात थोडा जांभळा आहे." समोरच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली.

कोकण आणि जलरंग यांचं नातं तसं जुनं. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी हातात दिवा घेतलेली मुलगी जलरंगात रंगवली. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि आजही कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं समजून माना डोलावतात. काम कोकणी माणसाचं, कौतुक केरळात! जे. जे. स्कूलच्या प्रल्हाद अनंत धोंडांनी, म्हणजे धोंडमास्तरांनी, जलरंगात समुद्र रंगवला आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' हे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं नाव दिलं. गृहस्थाने हे सगळं वाचलेलं होतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तेवढं वाचायचं राहिलं.

सकाळी साडेसात. काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. पाणी पार आत गेलेलं आणि चिखलात एक होडी आपल्या उलांडीवर रेलून पडलेली. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला बाहेर काढलेला लाकडी आधार, लाटेत होडी कलंडू नये म्हणून. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरच्या बाजूला, माडांकडे. मागे धुकट हिरवं, पुढे ओला चिखल, त्यात आभाळ. गृहस्थाने स्टँड रोवला, होडी पेन्सिलीने नीट उतरवली आणि आभाळाचा पहिला हात मारला.

तो वाळेना.

डोंबिवलीत पंख्याखाली कागद पाच मिनिटांत कोरडा होतो. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती कागदातलं पाणी घेईल कशाला? ओल्या आभाळावर माड काढायला जावं, तर माड आभाळभर पसरतो. म्हणून थांबायचं. गृहस्थ थांबला. कागदावर फुंकर घातली, टोपीने वारा घातला. खाडीपलीकडे टेकाडावर थिबाचा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचललं, पुढे इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये वाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं समोर समुद्र, आणि घरी जायला बोट नाही. वाडा रंगवायचा बेत गृहस्थाने आदल्या दिवशीच रद्द केला होता; खिडक्या फार. पण आता त्या खिडक्यांमागून कोण कुठे बघत बसत असेल, हे मनात आलं आणि फुंकर घालायची राहूनच गेली.

भरतीची एक खोड आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र ते निम्मी भरती उरकून घेतं. त्यातून पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. कागद अखेर सुकला, गृहस्थाने ब्रश भिजवून वर पाहिलं, तर चिखल नव्हता. होडी सरळ उभी राहून पाण्यावर डुलत होती. गृहस्थाने घाईने ती रंगवायला घेतली. तेवढ्यात ती सावकाश फिरली. दोराने बांधलेली होडी प्रवाहाकडे तोंड करते. पाणी समुद्राकडून आत येत होतं, म्हणून तिने माडांकडे पाठ फिरवली. उलांडी होती तिथे उघडी फळी आणि फळी होती तिथे उलांडी. आणि स्टँडचा एक पाय पाण्यात.

"काय हो, कुठले?"

मागे एक आजोबा उभे. लुंगी, हातात दोराचं वेटोळं.

"डोंबिवली."

"हां." एवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. "आज द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडला भरती पूर्ण."

कोकणातला हा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास हाती येतो. गृहस्थाकडे हवामानाची तीन अ‍ॅप होती. पाऊणकी पाठ नव्हती.

आजोबा चित्राजवळ आले. बराच वेळ बघितलं. "दोन्हीकडे उलांडी?"

पेन्सिलीची एक उलांडी सकाळची होती, रंगातली दुसरी आत्ताची. "इंडोनेशियात असतात अशा होड्या," गृहस्थ म्हणाला, आणि ते खरंही आहे. आजोबांनी समुद्राकडे पाहिलं. एखादी येतेय की काय, अशा बेताने.

मग त्यांनी जे केलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. लुंगी वर खोचली, पाण्यात उतरले, दोर ओढून होडीची नाळ पुन्हा माडांकडे फिरवली आणि कडेला हात लावून उभे राहिले. "अशीच होती ना? काढा आता."

गुडघाभर पाणी. आजोबांचं वय सत्तरीच्या पुढचं. प्रवाह होडीला उलटं ढकलतोय आणि ते पाय रोवून तिला धरून आहेत, एका अनोळखी डोंबिवलीकराच्या पोस्टकार्डाएवढ्या कौतुकासाठी. आणि कागद पुन्हा ओला! रंग लावला तर सगळा लगदा होणार. "नको, राहू द्या" म्हणायला गृहस्थाची जीभ वळेना. त्याने कोरडा ब्रश उचलला आणि कागदापासून बोटभर अंतरावर, हवेत, मन लावून होडी रंगवली. मधूनच डोळे बारीक केले. अंगठा धरून माप घेतलं. एकदा तर हवेतलंच काहीतरी चिंधीने टिपलं.

"झाली?"

"झाली."

पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. आजोबा बाहेर आले, लुंगी पिळली, पण चित्र बघायला आले नाहीत. त्यांना सगळं कळलं असावं, असा गृहस्थाला दाट संशय आहे.

"उद्या याल तर उशिरा या," ते म्हणाले. "उद्या तीज. तीन पाऊण सव्वादोन."

गृहस्थाने ते वहीत टिपून घेतलं. "होडी इथेच असेल ना?"

"होडी नाय. ती पहाटेच जायची मासळीला." आजोबांनी जरा विचार केला आणि दोर जिथे बांधला होता तिथे बोट दाखवलं. "हा खुंटा काढा. हा कुठं जात नाय."