अठरा टाक्यांचे आप्पा

आमच्या सोसायटीत कुणाच्या सोनोग्राफीत काही निघालं, तर तो रिपोर्ट सर्जनच्या टेबलावर जाण्याआधी आप्पांच्या टीपॉयवर जातो. आप्पा डॉक्टर नाहीत. त्यांची उभी हयात वीज मंडळाच्या बिलांत गेली. वैद्यकशास्त्राशी थेट संबंध आला तो एकदाच, 1987 साली, आणि त्यातल्या मुख्य प्रसंगी ते बेशुद्ध होते. पित्ताशय काढलं. उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका छेद, अठरा टाके आणि दहा दिवस हॉस्पिटल. पुढे बढती मिळाली, मुलीचं लग्न झालं, फ्लॅटचं कर्ज फिटलं. पण आप्पा ‘ते दिवस’ म्हणतात ते या दहाच दिवसांना. पोटातले खडे डॉक्टरांनी तेव्हा बाटलीत घालून दिले होते. ती बाटली शोकेसमध्ये नातवाच्या बुद्धिबळाच्या कपाशेजारी असते. नव्या पाहुण्याला आधी पाणी, मग खडे आणि मग चहा मिळतो.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. कुठे तो बायपासवाला असतो, कुठे मणक्याची गादी सरकलेला. मागच्या बिल्डिंगमध्ये पिशवी काढलेल्या काकू आहेत, त्यांचा दरारा आप्पांहून मोठा. या मंडळींना जगातला प्रत्येक आजार आपापल्या अवयवाच्या खिडकीतून दिसतो. बायपासवाल्यांना कुणाचा अंगठा ठेचलेला दाखवा, ते आधी कोलेस्टेरॉल विचारतात.

1990 साली मात्र आप्पांच्या व्यवसायावर घाला पडला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही अशी पहिलीच शस्त्रक्रिया. दुसरा कुणी असता तर ‘तीन वर्षं थांबलो असतो तर अठरा टाके वाचले असते’ म्हणून हळहळला असता. आप्पांना अजून धडकी भरते ती वेगळ्याच विचाराने: तीन वर्षं उशीर झाला असता तर आपण केवढ्या अनुभवाला मुकलो असतो! आता पोटाला तीन-चार भोकं पाडतात आणि एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. आप्पा त्याला ऑपरेशन म्हणत नाहीत. ‘प्रोसिजर’ म्हणतात, तेही ओठ मुडपून.

पण माणूस बिलांतला, हिशेबाला पक्का. दहा दिवसांचं हॉस्पिटल दोन दिवसांवर आलं, तरी उरलेले आठ दिवस कुठे हवेत विरले नाहीत, ते घरी आले, हे त्यांनी बरोबर हेरलं. पूर्वी सिस्टर, मावशी आणि वॉर्डमामा तीन पाळ्यांत जे करत, ते आता घरातली एक बाई कुकर लावता लावता करते. तेव्हापासून आप्पांनी कार्यक्षेत्र वाढवलं. ॲडमिट होण्याच्या आदल्या आठवड्यापासून टाके काढून महिना उलटेपर्यंत पेशंट त्यांच्या ताब्यात असतो.

सुरुवात बॅगेपासून. डॉक्टर एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून देतात. आप्पांची यादी फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना आहे. एक्स्टेंशन बोर्ड, कारण पलंगामागे प्लग एकच असतो आणि त्यात आधीच काहीतरी टिकटिकत असतं. पेशंटसोबत झोपणाऱ्यासाठी जाड चादर, कारण एसी पेशंटला नव्हे, मशीनला लागतो. थर्मास, स्टीलचा पेला, मग, कात्री, सुतळी. सुतळीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, पण प्रत्येक वेळी तिला काहीतरी काम निघतं. जुने रिपोर्ट तारीखवार लावलेले, वर ॲलर्जी आणि चालू गोळ्यांचा कागद. हा कागद मात्र लाखमोलाचा; भूल देणारे डॉक्टर येतात तेव्हा ‘ती एक पांढरी छोटी गोळी घेतात’ यापलीकडे घरच्यांना काही सांगता येत नाही. मग पायजमा. नाडीचा की इलॅस्टिकचा, आणि नाडी टाक्यांच्या वर बांधायची की खाली, यावर प्रात्यक्षिक होतं. प्रात्यक्षिकासाठी शर्ट वर करावा लागतो, आणि शर्ट वर गेला की 1987 सुरू होतं.

आदल्या रात्रीचा तास उपाशी राहण्याबद्दल. ऑपरेशनच्या सहा तास आधीपासून पोटात अन्न नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण नेमकी वेळ भूल देणारे डॉक्टर सांगतील तीच. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. हे सगळं पेशंटला कळतं, पण पेशंटच्या सासूला कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना पहाटे सहाला सासूबाईंनी ‘रिकाम्या पोटी सुई टोचायची का?’ म्हणून दुधाचा चहा आणि दोन मारी बिस्किटं दिली. दूध हेही अन्नच. सकाळचं ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. सासूबाईंचं म्हणणं अजून तेच आहे: चहाला कुणी खाणं म्हणतं का?

रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का, कधी, या एका प्रश्नावर मात्र आप्पा हात वर करतात. ‘हे मला विचारायचं नाही. सर्जनला विचारायचं, आणि ज्यांनी गोळी सुरू केली त्यांनाही.’ इतकी नम्रता त्यांच्याकडून वर्षातून एवढीच, म्हणून लोक घाबरून खरोखर विचारतात.

हॉस्पिटलात आप्पा पोचतात ते भेटीच्या वेळेआधी. वॉचमन त्यांना ओळखतो आणि न ओळखल्यासारखं करतो. नेलपॉलिश काढलंय का (बोटाला लावायचा चिमटा नखातून उजेड पाठवून ऑक्सिजन मोजतो, त्यात रंगाचा घोळ नको), बांगड्या, मंगळसूत्र, कवळी कुणाकडे दिली, संमतीपत्र वाचून सही केली का, ही तपासणी होते. संमतीपत्र ते मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे शेजारच्या कॉटवरचा सही करून बसलेला माणूसही पुन्हा विचारात पडतो.

ऑपरेशननंतर त्यांना एकाच बातमीची आस असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी जागी झाली का, हे कळण्याचा मार्ग देवाने एकच ठेवलाय, आणि डॉक्टरही राउंडला ‘गॅस पास झाला का?’ असंच विचारतात. फरक इतकाच की डॉक्टर हळू विचारतात. आप्पा सोसायटीच्या जिन्यातून फोनवर विचारतात. ‘सुटला का? कधी? मोठा?’ उत्तर होकारार्थी आलं की चारही मजल्यांवर समाधान पसरतं. एरवी एकमेकांची डोअरबेल न वाजवणारी माणसं त्या दिवशी या विषयावर एकत्र येतात.

त्यांचं ज्ञान मात्र जिथल्या तिथे थांबलेलं नाही, हे कबूल करायला हवं. वहिनींचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि रात्री त्यांचा उजवा खांदा ठणकायला लागला. घरात रडारड. पित्ताशय काढलं आणि दुखतो खांदा, म्हणजे नक्की हृदय! आप्पांच्या अठरा टाक्यांत खांदा कुठेच नव्हता. ते गप्प झाले. सिस्टरने सांगितलं की दुर्बीण घालण्याआधी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्यातला थोडा मागे राहतो आणि पोट-छातीमधल्या पडद्याला त्रास देतो, ते दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. आप्पांनी शब्दन्‌शब्द ऐकलं. आता ते प्रत्येक पेशंटला आधीच बजावतात, ‘खांदा दुखेल हं.’ आणि सांगताना असं सांगतात, की 1987 साली हे त्यांच्याच लक्षात आलं होतं.

विमा हा त्यांचा खरा प्रांत. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. सहा हजारांची खोली घेतलीत तर वरचे तीन हजार भरून सुटाल, असं वाटतं ना? तशी अट असलेल्या पॉलिसीत खोलीच्या प्रमाणात सर्जनची फी, थिएटरचा आकार हेही कापलं जातं. औषधं आणि इम्प्लांट मात्र सुटतात. हे समजावताना आप्पांच्या आवाजात वसुलीचा जुना जोर येतो. एकदा तर त्यांनी नियामकाच्या 2024 सालच्या परिपत्रकाची प्रतच काउंटरवर ठेवली. डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यावी, असं त्यात आहे. सकाळी दहाला ‘आज घरी’ म्हटलेला पेशंट तीन वाजले तरी कपडे बदलून कॉटवर बसलेला. काउंटरवरच्या मुलीने परिपत्रक वाचलं. ‘काका, हे तीन तास आम्ही फाइल पाठवल्यापासून.’

‘मग?’

‘फाइल अजून पाठवली नाहीये.’

बिलांच्या विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला समोरच्याचा डाव कळतो. आप्पांनी तिच्याकडे आदराने पाहिलं.

घरी आणणं हा तर सोहळाच. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा गुडघा बदलला तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचं आप्पांनी ठरवलं. चार मुलगे, एक प्लॅस्टिकची खुर्ची, सुतळी (सांगितलं नव्हतं?) आणि पुढे हात वर करून ‘सावकाश, सावकाश’ ओरडणारे आप्पा. पहिल्याच वळणावर मावशींनी सगळ्यांना थांबवलं. फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना हॉस्पिटलातच जिना शिकवला होता: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. त्या उठल्या, एका हाताने कठडा धरला, दुसरा हात मुलाला दिला आणि एकेक पायरी चढून वर गेल्या. रिकामी खुर्ची मात्र चौघांनी तशीच तोलून वर आणली, कारण आप्पांनी ‘ठेवा’ म्हटलं नव्हतं.

पुढे पथ्य. इथे माझं आणि आप्पांचं पटत नाही. भाताने टाक्यांत पू होतो, आंबटाने टाके पिकतात, यावर त्यांची श्रद्धा आहे. डॉक्टर सांगतात प्रथिनं खा, डाळी, अंडी, पनीर. जखम त्याने भरते. पेशंट दोघांच्या मधे सापडून आठवडाभर मुगाच्या पाण्यावर काढतो. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट जड होतं, तेव्हा इसबगोल मात्र आप्पाच आणून देतात, आणि त्या विषयावर मग सगळा मराठी समाज एकमताने बोलतो.

भेटायला येणाऱ्यांवर त्यांनी शिस्त बसवली आहे. संध्याकाळी पाच ते सात, माणशी दहा मिनिटं, स्वतःच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची नाही. नियम पाळला जातोय ना हे बघायला ते स्वतः पाचला येतात आणि साडेआठला जातात. मधल्या वेळात बारा कप चहा होतो. आप्पांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, हे बघवेना, तेव्हा त्या मावशींच्या सुनेला म्हणाल्या, ‘ह्यांचे दहा दिवस मी कॉटखाली चटईवर काढलेत. खडे ह्यांनी ठेवलेत शोकेसमध्ये. चटई कुणी विचारतं का?’ त्या दिवसापासून काकू रोज दुपारी मावशींकडे जाऊन दोन तास बसतात आणि सून झोपून घेते. आप्पांच्या यादीत ही गोष्ट दोन्ही बाजूंना कुठेच नव्हती.

परवा तळमजल्यावरच्या मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आप्पा सकाळी सातला बॅग घेऊन हजर. दोन-तीन तासांत सोडणार आहेत, म्हटलं, तरी बॅग घेतलीच. दहाला मास्तर काळा चष्मा लावून चालत बाहेर आले. आप्पांनी डॉक्टरांना गाठलं.

‘टाके किती?’

‘टाका नाही. छेद तीन मिलिमीटरसुद्धा नाही, आपोआप मिटतो.’

आप्पांनी पुन्हा विचारलं, डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. रिक्षात ते मांडीवर बॅग घेऊन नुसते बसून होते. टाका नाही, उपास नाही, नाडी नाही, गॅसचा तर प्रश्नच नाही. नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा त्यांनी सहज मास्तरांच्या हातातला कागद घेतला. दोन प्रकारचे थेंब, एक दिवसातून सहा वेळा आणि दर आठवड्याला एकेकाने कमी, दुसरे चार वेळा; दोन्हींमध्ये पाच मिनिटांचं अंतर; डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही; रात्री झोपताना डोळ्यावर कवच.

‘मास्तर,’ आप्पा सरसावून बसले, ‘तक्ता करावा लागणार. घरी पट्टी आहे का?’